तिसरं मटेरियल मिसळल्यावर डार्क करंट का चढतो आणि तो कसा उतरवायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. प्रकाश टिपणाऱ्या सेंद्रिय सेन्सरमध्ये, म्हणजे फोटोडायोडमध्ये, डोनर (इलेक्ट्रॉन देणारा) आणि अ‍ॅक्सेप्टर (इलेक्ट्रॉन घेणारा) अशा दोन सेंद्रिय अर्धवाहकांचं मिश्रण नीट चालत होतं. उणे २ व्होल्टला डार्क करंट, म्हणजे अंधारातही वाहणारा प्रवाह, काही नॅनोअँपिअर, प्रतिसाद बरा, पण ९०० नॅनोमीटरच्या पुढे काहीच दिसत नाही. म्हणून त्या बाजूचा प्रकाश शोषणारं तिसरं मटेरियल १० ते २० टक्के मिसळलं. हवा तो प्रतिसाद मिळाला आणि त्याच दिवशी डार्क करंट दहापट, कधी शंभरपट वर गेला. पुढच्या आठवड्यात तीच कृती पुन्हा केली तर आकडा तिसराच. मग कुणी तिसरं मटेरियल बदलतं, कुणी अ‍ॅनिलिंगचं (फिल्म तापवण्याचं) तापमान बदलतं, कुणी इलेक्ट्रोड बदलतं, आणि महिनाभराने हातात वीस डिव्हाइस असतात, उत्तर एकही नसतं.

या अडचणीवर मी बराच काळ घालवला आहे, आणि माझं मत आता पक्कं आहे: तिसरं मटेरियल आपण उजेडात काय करतं हे पाहून निवडतो, पण सेन्सरमध्ये ते अंधारात काय करतं यावरच सगळं ठरतं. याचं कारण आपल्या सवयीत आहे. १९९५ च्या सुमारास पॉलिमर आणि फुलरिन (कार्बनचा पोकळ रेणू) एकत्र मिसळून केलेला थर पुढे आला, २०१५ मध्ये आयटीआयसी आणि २०१९ मध्ये वाय६ असे फुलरिनविरहित अ‍ॅक्सेप्टर आले. या सगळ्या प्रवासात मिश्रणं पारखली गेली ती मुख्यतः सोलर सेलसाठी. सोलर सेल भरपूर उजेडात आणि फॉरवर्ड व्होल्टेजवर चालतो, तिथे काही नॅनोअँपिअरची गळती कुणाच्या डोळ्यात भरत नाही. फोटोडायोड मात्र रिव्हर्स बायसवर (उलट दिशेच्या व्होल्टेजवर), अंधुक प्रकाशात चालतो. तिथे ती गळती हाच सिग्नलचा तळ ठरतो. त्यामुळे सोलर सेलसाठी उत्तम म्हणून नाव झालेलं त्रिघटक मिश्रण सेन्सरमध्ये निराश करतं, यात नवल नाही.

आधी खात्री करा की डार्क करंट खरोखर वाढला आहे

हा भाग वगळण्याचा मोह फार होतो. पण निदान चुकायला सगळ्यात सोपी जागा हीच आहे.

तिसऱ्या मटेरियलने डिव्हाइसची दृष्टी लांबच्या तरंगलांबीपर्यंत नेली आहे. म्हणजे आधी ज्या पेटीत अंधार होता, तिथे आता या डिव्हाइससाठी अंधार राहिलेला नाही. डोळ्याला न दिसणारा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश मॉनिटरिंग कॅमेऱ्यातून, एखाद्या ऑप्टिकल सेन्सरमधून, मायक्रोस्कोपच्या दिव्यातून येऊ शकतो. काळं कापड किंवा काळं प्लास्टिक दिसायला काळं असलं तरी जवळच्या इन्फ्रारेडला बऱ्यापैकी पारदर्शक असू शकतं. पेटीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, खोलीतले दिवे बंद करून पुन्हा मोजा. आकडा हलला, तर तो डार्क करंट नव्हताच.

दुसरी गोष्ट व्होल्टेज बदलण्याचा वेग. ४ चौरस मिलिमीटरचा, १०० नॅनोमीटर जाड थर म्हणजे साधारण १.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सेकंदाला १ व्होल्ट या वेगाने स्वीप केला, तर हा कपॅसिटर चार्ज होण्यासाठीच १.२ नॅनोअँपिअर प्रवाह लागतो. तुमचा खरा डार्क करंट त्याहून कमी असेल, तर तुम्ही डायोड नव्हे, कपॅसिटर मोजत आहात. सेकंदाला ०.१ व्होल्टला हाच आकडा १२० पिकोअँपिअरवर येतो. स्वीप दोन्ही दिशांनी करून पाहा. जाताना आणि येताना वक्र वेगळे पडत असतील तर प्रत्येक व्होल्टेजवर थांबून, प्रवाह स्थिर झाल्यावर वाचन घ्या. त्रिघटक मिश्रणात ही स्थिरता यायला जास्त वेळ लागतो, कारण तिसऱ्या घटकामुळे तयार झालेले सापळे, म्हणजे चार्ज अडकून पडतात त्या जागा, हळूहळू रिकामे होतात. आधी उजेडात मोजलेलं डिव्हाइस तर काही मिनिटं अंधारात ठेवल्याशिवाय मोजूच नये. मी स्वतः क्रम ठरवून टाकला आहे: आधी अंधार, मग उजेड, आणि शेवटी पुन्हा अंधार. पहिल्या आणि तिसऱ्या वाचनातला फरकच खूप काही सांगून जातो.

तिसरी शंका क्षेत्रफळाची. मोजलेला प्रवाह थरातून वाहतो की कडेने, हे वेगवेगळ्या आकाराचे पिक्सेल (एकाच काचेवरची छोटी डिव्हाइस) करूनच कळतं. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि परिमिती दुप्पट. प्रवाह चौपट झाला तर दोष थरात आहे, दुप्पट झाला तर कडेला. पीडॉट:पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर खाली असेल तर तो आडवाही वीज वाहतो आणि पिक्सेलचं खरं क्षेत्रफळ तुम्ही समजता त्याहून मोठं होतं. पीएसएसचं प्रमाण जास्त असलेला, जास्त रोध देणारा प्रकार वापरल्यावर ही गळती उतरते.

जाडी: सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण

तिसरा घटक टाकताना तुम्ही तो बदली म्हणून टाकला की भर म्हणून? प्रश्न साधा वाटतो, पण प्रयोगवहीत याची नोंद क्वचितच सापडते. समजा पीएम६ हा डोनर पॉलिमर आणि वाय६ यांचं १:१.२ मिश्रण क्लोरोफॉर्ममध्ये मिलिलिटरला १६ मिलिग्रॅम आहे. यात वाय६ चा पाचवा हिस्सा काढून त्याजागी दुसरा अ‍ॅक्सेप्टर टाकला तर द्रावणाची एकूण संहती तीच राहते. पण डोनरचा पाचवा हिस्सा काढून छोट्या रेणूचा डोनर टाकला, तर पॉलिमर कमी झाला, द्रावणाची चिकटी घटली, आणि फिल्म पसरवताना काच फिरवण्याच्या त्याच वेगाला, म्हणजे त्याच आरपीएमला, फिल्म पातळ पडली. पातळ फिल्ममध्ये त्याच व्होल्टेजला विद्युतक्षेत्र जास्त आणि लहानसहान भोकांचा परिणामही जास्त. डार्क करंट चढतो आणि बोल लागतो तिसऱ्या मटेरियलला.

म्हणून प्रत्येक मिश्रणाची जाडी प्रोफाइलोमीटरवर मोजल्याशिवाय तुलना करू नका. मोजून आरपीएम बदला आणि दोन्ही फिल्म सारख्या जाडीच्या करून मगच आकडे शेजारी ठेवा. तुलना व्होल्टेजवर नाही, तर विद्युतक्षेत्रावर करणं त्याहून बरं.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट सांगतो. सोलर सेलमधून आलेली १०० नॅनोमीटरची जाडी सेन्सरला बहुतेक वेळा अपुरी असते. ३०० नॅनोमीटर किंवा त्याहून जाड थर केला की गळती उतरतेच, शिवाय कपॅसिटन्सही तिपटीने कमी होतो. किंमत मोजावी लागते ती चार्ज बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेत. मिश्रणाची मोबिलिटी (चार्ज किती सहज सरकतात ते) कमी असेल तर जाड थरात चार्ज मध्येच पुन्हा एकत्र येतात आणि प्रतिसाद खाली जातो. गंमत अशी की चांगला तिसरा घटक इथेच उपयोगी पडतो: पीएम६ आणि वाय६ मध्ये थोडा फुलरिन, म्हणजे पीसी७१बीएम, टाकल्यावर इलेक्ट्रॉनची वाहतूक सुधारते आणि जाड थर परवडू लागतो. असा तिसरा घटक नवा रंग दाखवत नाही, तरी सेन्सरसाठी मला तो अनेकदा जास्त मोलाचा वाटतो.

वक्राचा आकार आणि तापमान: इथेच खरं निदान होतं

मोजमाप स्वच्छ आहे, जाडी सारखी आहे, तरीही डार्क करंट चढलेलाच आहे. आता तीन संशयित उरतात: शंट, म्हणजे थराला आरपार गेलेली सरळ वाट; इलेक्ट्रोडमधून आत घुसणारे चार्ज; आणि थराच्या आतच उष्णतेने निर्माण होणारे चार्ज. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून एकही डिव्हाइस नव्याने बनवण्याआधी हातात असलेल्या डिव्हाइसकडूनच उत्तर काढून घ्या.

शंट ओळखणं सोपं. शून्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे साधारण अधिक-उणे ०.३ व्होल्टच्या पट्ट्यात, प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात जातो आणि दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असतात. तापमान वाढवलं तरी तो फारसा हलत नाही. एकाच काचेवरच्या आठ पिक्सेलपैकी दोन खराब आणि सहा बरे असा विखुरलेला निकालही शंटकडेच बोट दाखवतो.

आत घुसणाऱ्या चार्जचा प्रवाह रिव्हर्स व्होल्टेजबरोबर झपाट्याने वाढत जातो आणि जाड थर केल्यावर त्याच व्होल्टेजला झपाट्याने उतरतो. इलेक्ट्रोड किंवा अडवणारा थर बदलला की हा प्रवाह लगेच बदलतो. हीच त्याची खूण.

थरात निर्माण होणारा प्रवाह व्होल्टेजने तितका बदलत नाही, वक्र सपाटीला येतो, पण तापमानाने तो प्रचंड बदलतो. इथे आकडे बोलतात. डिव्हाइस २५ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर न्या. डार्क करंट साधारण साडेतीनपट झाला तर सक्रियण ऊर्जा, म्हणजे चार्ज निर्माण व्हायला ओलांडावी लागणारी ऊर्जा, ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. बारापट झाला तर ०.६. साठपट झाला तर १.० च्या आसपास. तीन-चार तापमानांवर मोजून लॉगरिदमचा आलेख तापमानाच्या व्यस्तासमोर काढला की उतारावरून ही ऊर्जा नेमकी मिळते. एक गरम प्लेट आणि एक थर्मोकपल इतकं साहित्य पुरतं, तरी ही चाचणी फार थोडे लोक करतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. अर्ध्या दिवसात ती महिन्याचं काम वाचवते.

आता ही ऊर्जा मिश्रणाच्या प्रभावी गॅपशी ताडून पाहा. प्रभावी गॅप म्हणजे डोनरच्या होमोपासून (इलेक्ट्रॉनने भरलेली सर्वात वरची ऊर्जापातळी) अ‍ॅक्सेप्टरच्या लुमोपर्यंतचं (सर्वात खालची रिकामी पातळी) अंतर. समजा ते १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. सक्रियण ऊर्जाही तिथेच आली, तर चार्ज थेट गॅप ओलांडून तयार होत आहेत आणि हा त्या मिश्रणाचा स्वभाव आहे. ती निम्म्यावर, ०.६ च्या आसपास आली, तर चार्ज गॅपच्या मध्यावर बसलेल्या सापळ्यांची पायरी करून वर चढत आहेत. हा दोष, म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट. त्रिघटक मिश्रणात हाच निकाल सर्वाधिक दिसतो असा माझा अनुभव आहे.

शंट असेल तर

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिसरा घटक पूर्ण विरघळला नसेल तर त्याचे कण फिल्मच्या जाडीपेक्षा मोठे असू शकतात. द्रावण रात्रभर कोमट ठेवून ढवळा, ०.४५ मायक्रोमीटरच्या पीटीएफई फिल्टरमधून काढा, आणि फिल्म डार्क-फील्ड मायक्रोस्कोपखाली पाहा. फिल्टर केल्याने अर्धवट विरघळलेला घटक फिल्टरवरच राहतो आणि मिश्रणाचं खरं प्रमाण बदलतं, हे ध्यानात असू द्या. शोषण वर्णपट घेऊन खातरजमा करा. आयटीओच्या, म्हणजे पारदर्शक इलेक्ट्रोडच्या, पट्टीची कड १०० ते १५० नॅनोमीटर उंच असते आणि १०० नॅनोमीटरची फिल्म त्या पायरीवर तुटते. तिथे इन्सुलेटरचा थर देऊन कड झाकली की प्रश्न मिटतो.

इलेक्ट्रोडमधून चार्ज घुसत असतील तर

रिव्हर्स बायसमध्ये अ‍ॅनोडकडून इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सेप्टरच्या लुमोत शिरू पाहतात आणि कॅथोडकडून होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे धन चार्ज) डोनरच्या होमोत. अडथळा जितका उंच तितकी गळती कमी. जवळच्या इन्फ्रारेडसाठी निवडलेला तिसरा अ‍ॅक्सेप्टर बहुधा खोल लुमोचा असतो, म्हणजे अ‍ॅनोडकडच्या इलेक्ट्रॉनला चढायची पायरी कमी झाली. तिसरा घटक उथळ होमोचा डोनर असेल तर तेच कॅथोडच्या बाजूला घडतं. कागदावरच्या ऊर्जापातळ्यांवर मात्र आंधळा विश्वास नको. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीने काढलेले आकडे प्रयोगशाळेगणिक ०.१ ते ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टने सहज सरकतात, आणि खोलीच्या तापमानाला दर ६० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे प्रवाह दहापट बदलतो. दोन वेगळ्या लेखांतले आकडे शेजारी ठेवून अडथळा मोजला, तर उत्तर हजारपट चुकू शकतं. सगळे घटक एकाच पद्धतीने, एकाच दिवशी मोजा.

दुसरा मुद्दा तिसरा घटक कुठे जाऊन बसतो हा. फिल्म सुकताना कमी पृष्ठऊर्जेचा घटक हवेच्या बाजूला वर येतो. वर अ‍ॅनोड असेल आणि वर येणारा घटक खोल लुमोचा अ‍ॅक्सेप्टर असेल, तर १० टक्के टाकलेला घटक इलेक्ट्रोडपाशी त्याहून किती तरी जास्त प्रमाणात असतो. प्रत्येक घटकाच्या शुद्ध फिल्मवर पाणी आणि दुसरा एखादा द्रव यांचा स्पर्शकोन मोजला की पृष्ठऊर्जेचा अंदाज येतो, आणि त्यावरून तिसरा घटक डोनरमध्ये मुरेल, अ‍ॅक्सेप्टरमध्ये मुरेल की दोघांच्या सीमेवर बसेल याचाही. हा अंदाज चुकतोही, पण आंधळेपणाने पंचवीस प्रमाणं करून पाहण्यापेक्षा बरा. खराब रचना उलटी करून पाहा: अ‍ॅनोड खाली आणि कॅथोड वर. गळती एकदम उतरली, तर घटक कुठे जमत होता ते कळलं.

उपाय म्हणजे अडवणारा थर. अ‍ॅनोडच्या बाजूला इलेक्ट्रॉन अडवायला उथळ लुमोचा पॉलिमर पातळ थरात, किंवा मिश्रण एकत्र न टाकता आधी डोनरचा थर आणि त्यावर अ‍ॅक्सेप्टरांचं मिश्रण असं दोन टप्प्यांत टाकणं. दोन टप्प्यांच्या पद्धतीत अ‍ॅनोडला मुख्यतः डोनरच लागतो. त्रिघटकासाठी मी आता आधी हाच मार्ग धरतो, कारण तिसऱ्या घटकाची जागा मग योगायोगावर सोडावी लागत नाही.

सापळे असतील तर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

तिसऱ्या घटकाच्या पातळ्या बाकी दोघांच्या पातळ्यांमध्ये उतरत्या पायऱ्यांसारख्या बसल्या, तर चार्ज खाली उतरत पुढे जातो आणि अडकत नाही. पण तिसऱ्याचा लुमो मुख्य अ‍ॅक्सेप्टरच्या लुमोपेक्षा खोल असेल आणि तो थोडा, विखुरलेला असेल, तर त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी एक खड्डा. आत पडलेल्याला शेजारी दुसरा खड्डा सापडत नाही, म्हणून तो तिथेच राहतो. प्रमाण वाढवलं की हे खड्डे जोडले जाऊन वाट तयार होते. त्यामुळे ५ टक्क्यांना मिश्रण वाईट आणि २५ टक्क्यांना बरं, असा उलटा वाटणारा निकाल येऊ शकतो. एकाच प्रमाणावर निर्णय घेऊ नका. ०, २, ५, १०, २० आणि ४० टक्के अशी मालिका एकाच दिवशी करा आणि प्रत्येकाचा डार्क करंट, ओपन-सर्किट व्होल्टेज व प्रतिसाद मिळण्याचा वेग नोंदवा. ओपन-सर्किट व्होल्टेज प्रमाणाबरोबर हळूहळू सरकत गेला, तर दोन घटक मिश्रधातूसारखे एकजीव झाले आहेत. २ टक्क्यांनाच धाडकन पडला आणि तिथेच राहिला, तर सगळे चार्ज सर्वात खोल पातळीकडे ओढले जात आहेत.

एक लक्षण फसवं आहे, त्याबद्दल सावध करतो. तिसरा घटक थोडासा टाकल्यावर क्वांटम क्षमता १०० टक्क्यांच्या वर जाते आणि आनंद होतो. एका फोटॉनमागे एकाहून जास्त चार्ज, म्हणजे काम फत्ते! पण साध्या फोटोडायोडमध्ये हे होऊ शकत नाही. ८५० नॅनोमीटरला १०० टक्के क्षमता म्हणजे वॉटमागे सुमारे ०.६९ अँपिअर, त्याच्या वर काही दिसलं तर अडकलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपाशी साठून अडथळा वाकवत आहेत आणि बाहेरच्या सर्किटमधून होल आत घुसत आहेत. पी३एचटी हा डोनर पॉलिमर आणि पीसी७१बीएम १००:१ प्रमाणात मिसळून असे गुणन करणारे डिटेक्टर मुद्दाम बनवले जातात, कारण तिथे फुलरिनचे रेणू एकटे पडून सापळे बनतात. तुम्हाला तसंच डिव्हाइस हवं असेल तर उत्तम. साधा, वेगवान फोटोडायोड हवा असेल, तर ही वाढ म्हणजे सापळ्यांचा पुरावा आहे. पडताळा सोपा: एलईडी चालू-बंद करा आणि प्रकाश गेल्यावर प्रवाह किती वेळ रेंगाळतो ते ऑसिलोस्कोपवर पाहा. सापळे असतील तर शेपूट मिलिसेकंदांत, कधी सेकंदांत मोजावी लागते.

सापळे नेहमी तिसऱ्या घटकाच्या पातळ्यांमुळेच असतात असंही नाही. अशुद्धी, ऑक्सिजन, पाण्याची वाफ, अर्धवट स्फटिक झालेले तुकडे, फिल्ममध्ये उरलेलं अ‍ॅडिटिव्ह, यातलं काहीही कारण असू शकतं. माझ्या बाबतीत एका मिश्रणाचा डार्क करंट दर खेपेला वेगळा येत होता आणि मी बराच काळ तिसऱ्या अ‍ॅक्सेप्टरला दोष देत राहिलो. त्याच्याशिवायच्या दोन घटकांच्या फिल्ममध्येही तोच विखुरलेपणा आहे हे पाहायला मला फार उशीर झाला. कारण निघालं डायआयोडोऑक्टेन, म्हणजे द्रावणात टाकलेलं अ‍ॅडिटिव्ह. ते फार हळू उडतं, व्हॅक्यूममध्ये ठेवण्याचा वेळ दर वेळी वेगळा होत होता, म्हणून फिल्ममध्ये उरणारं प्रमाण वेगळं होत होतं. व्हॅक्यूमची वेळ ठरवून दिल्यावर विखुरलेपणा निम्म्याहून कमी झाला, आणि अ‍ॅडिटिव्ह पूर्ण काढल्यावर जवळजवळ गेला. तेव्हापासून प्रत्येक त्रिघटक बॅचबरोबर त्याच दिवशी, त्याच द्रावकातून केलेली दोन घटकांची फिल्म असतेच. ती नसेल तर तिसऱ्यावर आरोप ठेवता येत नाही.

द्रावकाकडेही पाहा. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो आणि फिल्म क्षणात सुकते, त्यामुळे घटकांना वेगळं व्हायला वेळ मिळत नाही. क्लोरोबेन्झिन १३१ अंशांचं, ऑर्थो-डायक्लोरोबेन्झिन १८० अंशांचं. सुकायला जितका वेळ तितका तिसरा घटक आपल्या सोबत्यांना शोधून स्फटिक करतो. तिसरा घटक फार स्फटिकप्रिय असेल तर फिल्म पहिल्या दिवशी सुंदर असते आणि महिन्याभरात बिघडते. ८० अंशांवर काही तास ठेवून आधीच चाचणी घ्या, म्हणजे हा बिघाड नंतर भेटण्याऐवजी लगेच कळतो.

झिंक ऑक्साइडचा थर वापरत असाल तर आणखी एक शंका. अतिनील प्रकाश पडला की त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन सुटतो, थर जास्त वाहक होतो आणि डार्क करंट चढतो. अंधारात हवेशी संपर्क आला की हळूहळू उतरतो. शिवाय अतिनील प्रकाशात झिंक ऑक्साइड वाय६ सारख्या रेणूंची मोडतोड करतो. सोलर सिम्युलेटरखाली मोजल्यावर डार्क करंट वाढलेला दिसला आणि ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश फिल्टरने अडवल्यावर दिसला नाही, तर तिसऱ्या घटकाचा यात काही संबंध नाही.

डार्क करंट उतरला, तरी नॉइज मोजा

शॉट नॉइजचं, म्हणजे प्रवाहातल्या अंगभूत अनियमित चढउताराचं, गणित सगळे करतात. १ नॅनोअँपिअर डार्क करंटला ते दर रूट हर्ट्झला सुमारे १८ फेम्टोअँपिअर येतं. ४ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ आणि वॉटमागे ०.५ अँपिअर प्रतिसाद धरला, तर डिटेक्टिव्हिटी, म्हणजे किती मंद प्रकाश ओळखता येतो त्याचं माप, ५.६ गुणिले १० चा १२ वा घात जोन्स निघते. आकडा देखणा आहे, पण तो डार्क करंटवरून काढला आहे, मोजलेला नाही. शंट रोध १०० मेगाओहम असेल तर औष्णिक नॉइज १३ फेम्टोअँपिअर, १ मेगाओहम असेल तर सुमारे १२९. त्यावर कमी वारंवारितेला सापळ्यांमुळे येणारं फ्लिकर नॉइज, आणि त्रिघटक मिश्रणात हेच सर्वात मोठं ठरू शकतं. प्रत्यक्ष नॉइज १८० फेम्टोअँपिअर निघालं की डिटेक्टिव्हिटी दहापट खाली येते. १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ असा नॉइजचा वर्णपट घ्या. तो खालच्या टोकाला चढत असेल, तर डार्क करंटचा आकडा कितीही सुधारलेला असो, सापळे अजून तिथेच आहेत आणि वरचा भाग पुन्हा वाचावा लागेल. नाडी मोजण्यासारखं काम, म्हणजे ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश आणि काही हर्ट्झचा सिग्नल, नेमकं याच टोकाला असतं.

वेग अपेक्षेपेक्षा कमी असेल तर आधी आरसी, म्हणजे रोध आणि कपॅसिटन्सचा गुणाकार, पाहा. १.२ नॅनोफॅरड आणि ५० ओहम म्हणजे सुमारे २.६ मेगाहर्ट्झची मर्यादा, ती मिश्रणाची नाही, क्षेत्रफळाची आहे. छोटा पिक्सेल करून पाहा. वेग क्षेत्रफळाबरोबर बदलला नाही तरच मिश्रणाच्या वाहतुकीकडे वळा.

आणि सक्रियण ऊर्जा थेट प्रभावी गॅपइतकीच आली असेल, तर फिल्ममध्ये आणखी दुरुस्ती शोधत बसू नका. ९४० नॅनोमीटर पाहायचं तर प्रकाश शोषणाऱ्या घटकाचा गॅप १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असावाच लागतो, आणि त्याबरोबर येणारा औष्णिक प्रवाह कोणत्याही अ‍ॅनिलिंगने जात नाही. तिथे पिक्सेल लहान करा, बायस उणे २ वरून उणे ०.१ व्होल्टवर आणून प्रतिसाद टिकतो का पाहा, किंवा डोनर असा घ्या की त्याचा होमो थोडा खोल असेल आणि तरीही चार्ज वेगळे होत असतील. होमो १२० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टने खोल गेला तर गॅप ओलांडून येणारा प्रवाह शंभरपट उतरायला हवा. तितका उतरला नाही, तर सापळ्यांचा वाटा अजून शिल्लक आहे.